बंद मशीनचा खर्च

“रात्री नव्वद टक्के होतं, सकाळी साठ. आणि मशीन तर बंदच होतं की ओ!” सांगलीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ही तक्रार वर्षाकाठी एखाद-दुसरी यायची. आता ती रोजची झाली आहे. स्क्रीन फुटली, हिंज तुटलं, कीबोर्डवर चहा सांडला, ही दुखणी डोळ्यांना दिसतात. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी भाव सांगतो, काम सुरू. बॅटरी बंद अवस्थेत उतरते हे मात्र कोणी पाहत नसताना घडतं. काउंटरवर उभं राहून ते दाखवता येत नाही, मलाही पाच मिनिटांत तपासता येत नाही. “आज ठेवून जा, उद्या संध्याकाळी या,” एवढंच सांगता येतं, आणि हे वाक्य ऐकायला कोणी दुकानाची पायरी चढत नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हा लॅपटॉपच्या पोटाशी एक खटका असे. तो सरकवला की बॅटरी हातात यायची. आत दंडगोल सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांचं नावच १८६५०. साधारण सहा सेलचा पॅक. मशीन चार दिवस वापरायचं नसेल तर लोक बॅटरी काढून कपाटात ठेवत. परत लावली की चार्ज जवळपास तेवढाच. त्यांच्या नकळत ते दोष शोधण्याची पहिली पायरी स्वतःच करत होते, बॅटरी आणि बोर्ड वेगळे करत होते. मग लॅपटॉप पातळ होत गेले, बॅटरी चपट्या पाऊचच्या झाल्या आणि दहा-बारा स्क्रूंच्या झाकणाखाली गेल्या. तिथून पुढे बॅटरी कायम बोर्डाला जोडलेली राहिली आणि ही तक्रार वाढली.

आता नवीन पोरगं दुकानात शिकायला आलं की त्याला मी पहिल्यांदा सोल्डरिंग शिकवत नाही, विचारायला शिकवतो. “बंद म्हणजे कसं बंद करता? करून दाखवा.” नुसतं विचारलं तर सगळेच म्हणतात, “शटडाउन करतो.” दाखवायला सांगितलं की निम्म्याहून अधिक लोक झाकण मिटतात आणि माझ्याकडे बघतात. त्यांचा दोष नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी झाकण मिटल्यावर जी झोप लागायची ती खरी झोप होती. प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅम तेवढी जागी. रात्रभरात पाच-सात टक्के गेले तर गेले. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि मोबाइलसारखी अर्धवट जागी झोप लॅपटॉपमध्ये शिरायला लागली. पुढे तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणू लागले. झाकण मिटलेलं असताना मशीन मधूनमधून डोळे उघडतं, मेल बघतं, अपडेट उतरवतं. सगळं नीट असेल तर खर्च थोडा. एखादं ड्रायव्हर अडून बसलं तर मात्र मशीन झोपतच नाही.

इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी पुण्याहून एसटीने आली, ती बॅग पोटाशी धरून थेट दुकानात. “काका, हात लावून बघा.” बॅगेत बोट घालवेना इतका लॅपटॉप तापलेला. स्वारगेटला ऐंशी टक्के होते, इथे पोचेपर्यंत बॅटरी संपून मशीन आपोआप मेलं होतं. आधी एका दुकानात तिला नवी बॅटरी घ्यायला सांगितलं होतं. माझ्याकडे एकही स्क्रू खोलावा लागला नाही. विंडोजमध्ये एक आज्ञा दिली की गेल्या काही दिवसांचा बॅटरीचा अहवाल मिळतो. मशीन कधी जागं होतं, कधी झोपलं, किती खर्च झाला, सगळं तारीख-वेळेसकट. बसमधल्या तासांसमोर ते जवळजवळ अखंड जागं दिसत होतं. मी झाकण मिटल्यावर झोपेऐवजी हायबरनेट होईल अशी सेटिंग बदलली. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि मशीन खरोखर बंद होतं. वायफायचं ड्रायव्हरही बदललं. पैसे किती सांगायचे हे मला तेव्हाही अवघड गेलं, अजूनही जातं. सुटा भाग बदलला नाही की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही.

जे खरंच शटडाउन करतात त्यांच्यासाठीही विंडोज ८ ने एक गंमत करून ठेवली आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर सुरू व्हावं. कागदोपत्री यात बॅटरी खर्च व्हायचं कारण नाही. प्रत्यक्षात काही मॉडेलांवर एखादा भाग अर्धवट जागा राहतो आणि रात्रीत दहा टक्के खातो. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन केलं तर पूर्ण बंद होतं. मी गिऱ्हाइकाला आठवडाभर तसं करून पाहायला सांगतो. फरक पडला तर फास्ट स्टार्टअप काढून टाकायचं आणि विषय संपला. नाही पडला तर मशीन माझ्या टेबलावर येतं.

टेबलावरची पद्धत मी बऱ्याच उशिरा पक्की केली, पण तेव्हापासून बदललेली नाही. झाकण खोलायचं, बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बॅटरीचं व्होल्टेज मीटरवर बघून कागदावर लिहायचं आणि बॅटरी रात्रभर एका बाजूला ठेवायची. दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. धड लिथियम-आयन सेलची स्वतःची गळती महिन्याला दोन-तीन टक्के, आतल्या संरक्षक सर्किटचा खर्च धरला तर चार-पाच. एका रात्रीत मीटरवर काही दिसायलाच नको. बॅटरीचं व्होल्टेज जागच्या जागी असेल तर ती सुटली, चोर बोर्डात आहे. व्होल्टेज एकटं पडून घसरलं तर चोर बॅटरीत. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, फक्त रात्र लागते.

बोर्डाकडे वळलो की मग डीसी सप्लाय लागतो. बॅटरीच्या जागी सप्लायच्या तारा जोडायच्या, बारा व्होल्ट द्यायचे आणि पॉवरचं बटण न दाबता करंटचा आकडा बघत बसायचं. लॅपटॉप पूर्ण बंद असतानाही बोर्डाचा एक कोपरा जागाच असतो. बटण दाबलं गेलं का, झाकण उघडलं का, चार्जर लागला का, हे बघणारी एक छोटी चिप असते आणि तिच्यापुरती वीज चालू ठेवावी लागते. चांगल्या बोर्डाला त्यासाठी फार तर दोन-चार मिलीअँपिअर लागतात, कित्येकांना त्याहून कमी. वीस दिसले की मी खुर्ची पुढे ओढतो. हिशेब साधा आहे. बारा व्होल्टला वीस मिलीअँपिअर म्हणजे पाव वॉटसुद्धा नाही. पण बंद मशीनला सुट्टी नसते. चोवीस तासांत पावणेसहा वॉट-अवर जातात. आजच्या साध्या लॅपटॉपची बॅटरी ४१ वॉट-अवरच्या आसपास असते, म्हणजे दिवसाला १४ टक्के. शनिवारी दुपारी ठेवलेलं मशीन सोमवारी सकाळी पंचवीस टक्क्यांनी खाली.

एका डॉक्टरांच्या दवाखान्यातला लॅपटॉप असाच रोज रात्री उतरायचा. बॅटरी बदलून झाली होती, तरी तेच. माझ्या टेबलावर बोर्ड दोन मिलीअँपिअरवर शांत. दोन रात्री ठेवला, एक टक्काही गेला नाही. परत नेला की पुन्हा उतरायला सुरुवात. शेवटी मी रात्री दवाखाना बंद व्हायच्या वेळी गेलो. कंपाउंडरने लॅपटॉप शटडाउन केला, दिवे मालवले, आणि अंधारात टेबलावर माउसच्या पोटाखालून लाल उजेड दिसला. काही लॅपटॉपना एक यूएसबी पोर्ट असतं, ते मशीन बंद असतानाही पाच व्होल्ट देत राहतं, मोबाइल चार्ज करता यावा म्हणून. माउस नेमका त्यात. दुकानात देताना त्यांनी अर्थातच माउस काढून दिलेला. बायोसमध्ये जाऊन ते पोर्ट बंद केलं. दुरुस्तीला आलेल्या मशीनबरोबर चार्जर, माउस, डोंगल, जे रोज लावता ते सगळं घेऊन या, हे मी तेव्हापासून फोनवरच सांगतो. लॅनच्या तारेवरून मशीन जागं करण्याची सोय असते, तीही ज्यांना गरज नाही त्यांची बंद करून टाकतो. साध्या घरी तिचा उपयोग करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझी या विषयातली समज खरी बदलली ती हळदीच्या एका व्यापाऱ्यामुळे. सांगलीत हळदीच्या पेठेतला लॅपटॉप उघडला की पंख्यावरची धूळसुद्धा पिवळी असते. यांचं मशीन जुनं होतं, पाच वर्षांचं तरी. तक्रार अशी, की ते संध्याकाळी ७० टक्क्यांवर बंद करतात आणि सकाळी ३५ दाखवतो. बोर्ड तपासला, गळती नाही. बॅटरी वेगळी करून ठेवली. इथे मात्र गोंधळ झाला, कारण रात्रभरात व्होल्टेज कमी झालं नाही, आणि तरी परत जोडल्यावर टक्के निम्मे. कुणीच काही खाल्लं नव्हतं आणि चार्ज गायब होता.

उत्तर बॅटरीच्या आतल्या मोजणी करणाऱ्या आयसीत होतं. टक्के म्हणजे टाकीत काठी घालून घेतलेलं माप नव्हे. तो आयसी येणारा-जाणारा करंट मोजत राहतो आणि मागच्या आकड्यातून वजाबाकी करतो. सेल जुने झाले, त्यांची धारणशक्ती घटली, तरी आयसीच्या डोक्यात जुनंच माप असू शकतं. मग मशीन बंद होतं, सेलना विश्रांती मिळते, त्यांचं व्होल्टेज खऱ्या जागी स्थिरावतं. सकाळी आयसी ते व्होल्टेज बघतो आणि आपला आकडा दुरुस्त करतो. रात्री ३५ टक्के उडाले नव्हते, संध्याकाळीच ते नव्हते. हे मी त्या व्यापाऱ्यांना कसं सांगावं याचा विचार करत होतो, तर तेच म्हणाले, “म्हणजे वहीत शिल्लक दिसतीय, पण गल्ला मोजला तर रोकड कमी. असंच ना?” यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला त्यानंतर सुचलेलं नाही आणि मी तेच सगळ्यांना ऐकवतो. त्यांच्या बॅटरीचा अहवाल काढला तर कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता यांत निम्म्याहून जास्त फरक. तिथे नवी बॅटरी हाच इलाज होता. पुढे लक्षात आलं, की ‘बंद असताना उतरते’ म्हणणाऱ्या जुन्या मशीनवाल्यांपैकी बऱ्याच जणांचं हेच असतं.

धंद्याचंही खरं सांगायला हवं. बॅटरी विकण्यात नफा आहे, निदान करण्यात नाही. पॅक मागवायचा, वीस मिनिटांत बसवायचा, पाचशे-सातशे सुटतात. रात्रभर मोजत बसलेल्या माणसाला दोनशे रुपये तपासणीचे मागितले तर गिऱ्हाईक म्हणतं, “केलं काय तुम्ही?” म्हणून बहुतेक दुकानांत या तक्रारीला पहिलं उत्तर बॅटरी हेच असतं. ते प्रत्येक वेळी चुकीचं असतं असंही नाही. पण बोर्डात गळती असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरते, आणि महिन्याभराने ‘बॅटरी डुप्लिकेट दिली’ म्हणून भांडण होतं. मी तपासणीचे पैसे आधी सांगतो आणि पाटीवर लिहून ठेवले आहेत. काही जण पाटी वाचून परत जातात. जाऊ देत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. निम्मी सांगली पाण्यात होती. पूर ओसरल्यावर दुकानात लॅपटॉपांची रांग लागली. पूर्ण बुडालेले गेलेच होते, त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. खरा त्रास दिला तो फक्त ओल लागलेल्या मशीनांनी. कपाटाच्या खालच्या फळीवर होतं, पाणी जेमतेम टेकलं, वाळवलं, सुरू झालं, सगळे खूश. आणि दोन-तीन महिन्यांनी तेच लोक दारात, बॅटरी रात्रीत उतरते म्हणून.

एका शिक्षकांचा लॅपटॉप आठवतो. सप्लायवर ७० मिलीअँपिअर, बटण न दाबता. झाकणाखाली पाहिलं तर लॅन पोर्टच्या कडेला हिरवट पांढरी बुरशीसारखी पुटं, आणि चिपांच्या पायांमध्ये पुराच्या गाळाची बारीक रेघ. वाळलेला गाळ आणि पाण्यातले क्षार हवेतली ओल धरतात आणि दोन पायांमध्ये नको ती वाट तयार होते. जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून घासत गेलो तसा आकडा ७० वरून ५५, मग ४५. तिथे अडला. उरलेल्यासाठी राळ काढली. सोल्डरिंग गनच्या टोकावर राळेचा खडा टेकवला की पांढरा धूर निघतो. तो बोर्डावर फिरवला की भागांवर पिठासारखा पातळ थर बसतो. मग सप्लाय चालू करून नुसतं बघत राहायचं. ज्या भागातून करंट गळतो तो तापतो आणि त्याच्यावरचा थर विरघळून काळा-तपकिरी ठिपका उघडा पडतो. मिनिटभराने बॅटरीच्या मुख्य लाइनवरचा दीड मिलिमीटरचा एक कपॅसिटर चकचकीत झाला. उचलला, आकडा तीनवर आला. त्या भागाची किंमत रुपयापेक्षा कमी. शिक्षकांनी भिंगातून तो बघितला, कागदात गुंडाळून मागितला आणि वर्गात मुलांना दाखवायला नेला.

थर्मल कॅमेरा मी नंतर घेतला, पण राळेचा डबा अजून हाताशी असतो. शिकायला आलेली पोरं आधी कॅमेऱ्याकडे धावतात. दहा-वीस मिलीअँपिअरच्या गळतीत भाग इतका कमी तापतो की कॅमेरा आणि राळ दोन्ही गप्प बसतात. मग एकेक लाइन तोडत, एकेक भाग उचलत जावं लागतं, आणि त्या कामाचे पैसे कधीच सुटत नाहीत.

मार्च २०२० च्या लॉकडाउननंतर वेगळीच लाट आली. कचेऱ्यांतली, शाळांच्या संगणक कक्षांतली मशीनं महिनोन् महिने कपाटात बंद. दिवसाला अर्धा-एक टक्का म्हटला तरी सहा महिन्यांत बॅटरी तळाला लागते, आणि तळाला लागूनही बोर्ड थेंब थेंब ओढतच राहतो. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टला असतो. तो अडीच-तीन व्होल्टच्या खाली गेला की पॅकमधलं संरक्षक सर्किट दार बंद करतं. थोडाच खाली असेल तर चार्जर आधी अगदी हलक्या करंटने त्याला वर आणतो आणि मग नेहमीचं चार्जिंग सुरू होतं. फार खाली बराच काळ राहिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि परत चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमून आत शॉर्ट होऊ शकतो. असे पॅक थेट सप्लाय लावून ‘उठवून’ देणारे लोक बाजारात आहेत. मी तसं करत नाही. एका संस्थेने पंचवीसेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या स्वस्तात जिवंत करून मागितल्या. मी नकार दिला, काम दुसरीकडे गेलं. पुढे काय झालं मी विचारलं नाही. माझ्याकडच्या मेलेल्या बॅटऱ्या वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवतो आणि रीसायकलवाल्याची गाडी आली की देतो. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, हे मात्र मी भांडून सांगतो. टचपॅड वर आलंय म्हणून दाबून बसवणारे लोकही पाहिले आहेत.

अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक वाढलं आहे. मुलाकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जाणारे निवृत्त आई-वडील. टॅब सोबत नेतात, लॅपटॉप इथेच राहतो. पूर्वी ते परतल्यावर माझ्याकडे यायचे, आता मी जायच्या आधी यायला सांगतो. बॅटरी अर्धी ठेवायची, पूर्ण भरायची नाही आणि रिकामीही ठेवायची नाही. भरलेला सेल पडून राहिला की लवकर म्हातारा होतो, उन्हाळ्यात बंद घरात तर आणखीच. काही मॉडेलांत बायोसमध्येच बॅटरी तोडून ठेवायची सोय असते. ती निवडली की बोर्डाला एक थेंबही जात नाही, आणि पुढे चार्जर लावला की बॅटरी आपोआप जोडली जाते. ज्यांत ती सोय नाही त्यांचं झाकण खोलून कनेक्टर काढून देतो.

पहिल्या वर्षी एक काका न्यू जर्सीहून परत आले आणि सामान घरात टाकून तडक दुकानात. “अहो, हा गेला. बटण दाबतोय, दिवासुद्धा नाही.” चार्जर घरी होता. लावलाच नव्हता. आता मी कीबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवून देतो, ‘आधी चार्जर लावा, मग बटण दाबा’. यंदा तेच काका निघण्याआधी आले, लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “चिठ्ठी जरा मोठ्या अक्षरात लिही. आणि काकूच्या लॅपटॉपवर पण एक चिकटव, तिचा तर पासवर्डही त्यावर लिहिला तरी चालेल.”

पासवर्ड लिहिला नाही. दोन्ही बॅटऱ्या बावन्न टक्क्यांवर तोडून दिल्या आणि दोनशे-दोनशे घेतले.